कार्ड खरंच गेलंय का? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या रूपांत आली आहे. संगणक मध्येच मान टाकतो आणि दोष ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या भागावर, येतो. कधी तो खरा असतो. पण कार्ड हा बहुतेक संगणकांतला सगळ्यात जास्त वीज खाणारा आणि सगळ्यात जास्त तापणारा भाग. त्यामुळे वीज, हवा, रॅम, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) यांपैकी काहीही कच्चं असलं, तरी ते कार्डावर ताण आल्यावरच उघडं पडतं आणि आळ कार्डावर येतो. खालची उत्तरं वाचताना एक पथ्य पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तो बदल करून निदान दोन-तीन तास संगणक वापरून पाहा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर त्रास थांबेलही, पण कशाने थांबला ते कधीच कळणार नाही.

प्रश्न : गेम सुरू करून पंधरा-वीस मिनिटं झाली की पडदा काळा होतो. आवाज काही सेकंद चालू राहतो, कार्डाचे पंखे एकदम जोरात फिरायला लागतात आणि शेवटी पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं. दुरुस्ती करणाऱ्याने कार्ड न उघडताच 'गेलं' म्हणून सांगितलं. कार्ड चार वर्षांचं आहे. मला स्वतःला खात्री कशी करून घेता येईल?

उत्तर : संगणक कसा बंद पडतो, यातच अर्धं निदान असतं. तुमच्याकडे चित्र जातं पण आवाज चालू राहतो, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम अजून काम करत आहेत, कार्डाशी संपर्क तेवढा तुटला आहे. ड्रायव्हरकडून सूचना येईनाशा झाल्या की बरीच कार्डं सुरक्षेसाठी पंखे पूर्ण वेगाने सोडतात. तेच तुम्हाला ऐकू येतं. प्लग ओढल्यासारखं सगळंच एका क्षणात विझलं असतं, तर संशय पॉवर सप्लायवर गेला असता. चित्र गोठून आवाजाचा एकच तुकडा घरघरत राहिला असता, तर आधी रॅम आणि प्रोसेसर तपासायला सांगितलं असतं.

आता इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजने केलेल्या नोंदी दाखवणारं साधन) उघडा आणि विंडोज लॉग्जमधला सिस्टीम विभाग पाहा. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद असेल. ती वाचून कितीतरी जण पॉवर सप्लाय बदलून मोकळे होतात! त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. तुम्ही बटण दाबून धरलंत तरी ती पडते. खरी माहिती तिच्या आधीच्या दोन-तीन मिनिटांत असते. 'डिस्प्ले ४१०१' दिसली तर ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं आणि विंडोजने तो पुन्हा उभा केला होता. 'डब्ल्यूएचईए-लॉगर १७' च्या ओळीच्या ओळी दिसल्या तर पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या, मार्गावर चुका होत आहेत आणि त्या दुरुस्त केल्या जात आहेत. अशा वेळी कार्डाइतकाच स्लॉट (कार्ड बसतं ती खाच) आणि रायझर केबलही (कार्ड स्लॉटपासून लांब बसवायची केबल) संशयित.

यानंतर कॅबिनेट उघडा. भिंतीवरचा स्विच बंद करा, केबल काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून साठलेली वीज जाऊ द्या. कार्डाचे स्क्रू सोडवा, स्लॉटच्या टोकाची कडी दाबा आणि कार्ड सरळ वर उचला. खालच्या सोनेरी पट्ट्या उजेडात धरून पाहा. त्या एकसारख्या चकचकीत हव्यात. काळसर ठिपका किंवा बोटाचा तेलकट ठसा दिसला तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. स्लॉटमध्ये टॉर्च मारून धूळ आहे का तेही बघा. कार्ड परत बसवताना कडीचा 'टक' आवाज यायलाच हवा. जड कार्ड मागच्या टोकाला खाली झुकतं आणि स्लॉटमधला संपर्क तिरका होतो. गेम चालू असताना, कार्ड तापल्यावर, तेवढंच पुरतं. खालून आधार द्या आणि मागचे दोन्ही स्क्रू घट्ट करा.

विजेच्या केबलकडे विशेष लक्ष द्या. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या जोडणीतून ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५०. कार्डाला आठ पिनांच्या दोन जोडण्या असतील तर पॉवर सप्लायपासून दोन स्वतंत्र केबल आणा. एकाच केबलच्या टोकाला दोन कनेक्टर असतात, ती सोय मोठ्या कार्डाला पुरी पडत नाही. ताण वाढला की त्या एका केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि कार्ड कोलमडतं. घरी बसून सापडणारं आणि फुकटात सुटणारं हे एक मोठं कारण आहे, म्हणून ते आधी तपासा.

एवढ्याने थांबलं नाही तर ड्रायव्हर मुळापासून काढा. नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा आणि मग इंटरनेट तोडा, नाहीतर विंडोज मधल्या मध्ये स्वतःच एखादा बसवून टाकेल. ड्राइव्ह बिटलॉकरने (विंडोजच्या कुलपाने) बंद केलेला असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवा. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, ट्रबलशूटमधून स्टार्टअप सेटिंग्जपर्यंत जा आणि ४ दाबून सेफ मोडमध्ये या. तिथे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर चालवून जुने अवशेष पुसा. मग रीस्टार्ट करून नवा बसवा. त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर सर्वांत नव्याऐवजी अपडेटच्या आधीची आवृत्ती घ्या.

तापमान नुसतं बघू नका, त्याची नोंद ठेवा. जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या साधनांत लॉग फाइल सुरू करून गेम चालवा आणि संगणक पडल्यावर त्या फाइलची शेवटची ओळ वाचा. चिपचं सरासरी तापमान ८० ते ८५ अंश सेल्सिअस असलं तरी बिघडत नाही. हॉट स्पॉट, म्हणजे चिपवरची सर्वांत तापलेली जागा, त्याच्याहून दहा ते वीस अंशांनी जास्त असणंही ठीक. फरक तीसच्या पुढे गेला तर चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली आहे किंवा हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा) नीट टेकलेला नाही. शेवटच्या ओळीत सगळी तापमानं शांत असतील, तर उष्णतेचा नाद सोडा.

आता कसोटीची चाचणी. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग्ज बदलणाऱ्या साधनात फक्त कोअर क्लॉक (चिपचा वेग) १०० मेगाहर्ट्झने कमी करा, बाकी सगळं तसंच ठेवा आणि खेळा. मग क्लॉक पूर्ववत करून फक्त पॉवर लिमिट (कार्डाने घ्यायच्या विजेची मर्यादा) ७० टक्क्यांवर आणा. क्लॉक कमी केल्यावरच थांबत असेल तर चिपला कारखान्यातला वेग आता झेपत नाही, म्हणजे कार्ड उतरणीला लागलं आहे. पॉवर लिमिटनेच थांबत असेल तर दोष पॉवर सप्लायचा किंवा कार्डावरच्या व्होल्टेज-नियंत्रक भागांचा. या दोहोंतला फरक एकच गोष्ट सांगते, ती म्हणजे अदलाबदल. तुमचं कार्ड पुरेशा वॅटच्या दुसऱ्या संगणकात आणि तिथलं चांगलं कार्ड तुमच्या संगणकात. त्रास कार्डाबरोबर गेला तर कार्ड दोषी, तुमच्याकडेच राहिला तर निर्दोष. हे केल्याशिवाय कुणी 'गेलं' म्हणत असेल तर तो अंदाज आहे, निदान नव्हे.

प्रश्न : संगणक चालू करताच, कंपनीचं चिन्ह दिसतं तेव्हापासूनच, पडद्यावर हिरवे-जांभळे ठिपके आणि उभ्या रेघा आहेत. ड्रायव्हर तीन वेळा बदलून झाला.

उत्तर : चौथ्यांदा बदलू नका. ते चिन्ह दिसतं तेव्हा विंडोजचा ड्रायव्हर सुरूही झालेला नसतो. आधी केबल, कार्डावरचं दुसरं पोर्ट आणि दुसरा मॉनिटर वापरून बघा. त्याने फरक पडला नाही तर एक स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर उघडा. ठिपके त्या चित्रातही आले असतील तर ते कार्डाच्या मेमरीत तयार होत आहेत. चित्र स्वच्छ असेल तर बिघाड त्यापुढे, म्हणजे कार्डाच्या आउटपुटमध्ये, केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये आहे. ठरावीक अंतराने, चौकटी-चौकटींत येणारे ठिपके बहुधा एखाद्या मेमरी चिपचे किंवा तिच्या खालच्या सोल्डरचे असतात. मेमटेस्ट व्हल्कन हे छोटं साधन दहा मिनिटं चालवा. त्यात एकही चूक दिसली आणि कार्ड ओव्हरक्लॉक केलेलं (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेलं) नसेल, तर थेट वॉरंटीचा रस्ता धरा. वॉरंटी संपली असेल तर ग्राफिक्स मेमरी चिप बदलून देणारे कारागीर असतात. पण त्यासाठी चिपचं सोल्डर वितळवून नवे गोळे बसवायचं यंत्र लागतं. साध्या सोल्डरिंग आयर्नने हे काम होत नाही.

प्रश्न : 'डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं' असा संदेश येतो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) टीडीआर-डिले, म्हणजे कार्डाच्या उत्तराची वाट पाहण्याची मुदत, वाढवावा असा सल्ला मिळाला आहे. वाढवू का?

उत्तर : विंडोज कार्डाला एक काम देते आणि ठरलेल्या वेळेत ते अर्ध्यावर सोडून दुसऱ्याला जागा देता आली नाही, तर कार्ड अडकलं असं समजते. ही वेळ मुळात २ सेकंद असते. तेवढ्यात उत्तर आलं नाही की ती कार्ड रीसेट करून ड्रायव्हर पुन्हा उभा करते. ही यंत्रणा विंडोज व्हिस्टापासून आहे. रीसेटही जमला नाही तर निळ्या पडद्यावर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' येतं.

तुम्ही थ्रीडी रेंडरिंग करत असाल किंवा कार्डावर लांबलचक गणितं चालवत असाल, तर एखादं काम प्रामाणिकपणे २ सेकंदांहून जास्त वेळ घेऊ शकतं. तिथे मुदत ८ किंवा १० सेकंद करणं रास्त आहे. रजिस्ट्रीतल्या ग्राफिक्स ड्रायव्हर्सच्या कीखाली टीडीआर-डिले नावाचं ३२ बिटांचं डी-वर्ड मूल्य तयार करायचं आणि संगणक रीस्टार्ट करायचा. गेम खेळताना मात्र एका फ्रेमला २ सेकंद लागण्याचं काही कारणच नाही. तिथे मुदत वाढवली तर आजार तसाच राहतो, फक्त गोठलेला पडदा २ ऐवजी १० सेकंद बघावा लागतो.

विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबली की ड्रायव्हर हाताने रीसेट होतो. पडदा काळा झाल्यावर हे करून पाहा. चित्र परत आलं तर बिघाड ड्रायव्हरपुरता असण्याची आशा धरायला हरकत नाही.

प्रश्न : ७५० वॅटचा पॉवर सप्लाय आहे. सॉफ्टवेअर कार्डाचा वापर ३२० वॅट दाखवतं. तरी गेममध्ये एखादं दृश्य बदलताना संगणक पूर्ण बंद होतो. वॅट तर भरपूर आहेत ना?

उत्तर : सॉफ्टवेअर दाखवतं ती सरासरी. कार्डाची मागणी मात्र मिलिसेकंदाच्याही आत उसळते, आणि तो झटका सरासरीच्या दुप्पट असू शकतो. पॉवर सप्लायमधलं अतिप्रवाह-संरक्षण त्याला शॉर्ट सर्किट समजून सगळं तोडतं. दृश्य बदलताना कार्ड एकदम रिकामं होऊन पुन्हा पूर्ण भाराखाली येतं, म्हणून नेमक्या त्याच वेळी संगणक बंद पडतो. एटीएक्स ३.० या मानकात हीच अडचण लक्षात घेऊन १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार पेलण्याची अट घातली गेली. तुमचा सप्लाय त्याआधीचा असेल तर ७५० हा आकडा पुरेसा असूनही तो दगा देऊ शकतो.

खरेदीआधी पडताळा घ्या. गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० वर बांधा आणि पॉवर लिमिट ७५ टक्के करा. आठवडाभर एकदाही बंद पडला नाही तर सप्लाय बदला. त्याचं झाकण मात्र कधीही उघडू नका. आतले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही जीवघेणा भार धरून असतात.

कार्डाला १६ पिनांची नवी जोडणी असेल तर आणखी एक तपासणी. ही जोडणी ६०० वॅटपर्यंत नेते, म्हणजे १२ व्होल्टला ५० अँपिअर, तेही सहा पिनांतून. पिनेमागे आठ अँपिअरहून जास्त! कनेक्टर पूर्ण बसला नसेल तर भार मोजक्या पिनांवर येतो आणि प्लास्टिक वितळतं. बाजूने, डोळा त्याच पातळीला आणून बघा. कनेक्टरची कड आणि सॉकेट यांच्यामध्ये नखाएवढीही फट दिसता कामा नये. कनेक्टरपासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत केबल सरळ राहू द्या, तिथेच वाकवू नका. पिनांभोवती तपकिरी छटा दिसली तर ती केबल पुन्हा वापरू नका.

प्रश्न : कार्डात १६ जीबी मेमरी आहे, तरी गेम 'व्हिडिओ मेमरी संपली' असं म्हणून बंद होतो.

उत्तर : प्रोसेसर कोणता आहे ते आधी पाहा. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत, विशेषतः आय७ आणि आय९ मध्ये, जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येते, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. त्या अस्थिरतेचं नेहमीचं लक्षण नेमका हाच संदेश होतं. गेम सुरू होताना शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार करण्याचं जड काम प्रोसेसर करतो, तिथे चुकतो आणि खापर व्हिडिओ मेमरीवर फुटतं. मदरबोर्डचं बायोस (त्याचं मूळ सॉफ्टवेअर) सर्वांत नव्या आवृत्तीवर आणा आणि इंटेलचे डिफॉल्ट विद्युत-प्रोफाइल निवडा. आधीच झिजलेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. या प्रोसेसरांची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवलेली आहे.

प्रोसेसर दुसरा असेल तर रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवणारी बायोसमधली सोय) बंद करा आणि मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या साधनाचे चार फेरे रात्रभर चालू द्या. एक चूक निघाली तरी नापास.

प्रश्न : कार्ड उघडून पेस्ट आणि थर्मल पॅड बदलले. आता पूर्वीपेक्षा जास्त तापतं आणि पाच मिनिटांत बंद पडतं.

उत्तर : बहुधा पॅड जाड झाले आहेत. मेमरी चिपवरचे पॅड अर्धा मिलिमीटर जरी जाड बसले तरी ते हीटसिंकला उचलून धरतात आणि मुख्य चिपवर तो टेकतच नाही. पुन्हा उघडा. चिपवरची पेस्ट पाहा. ती तुम्ही लावली तशीच उंचवट्यासारखी उभी असेल, कडेपर्यंत दबून पसरली नसेल, तर हेच कारण. त्या मॉडेलची मूळ जाडी शोधा. एकाच कार्डावर १, १.५ आणि २ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या जाड्या असू शकतात, सगळीकडे एकच पॅड चालत नाही. चिपभोवतीचे चार स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने, प्रत्येकी अर्धा फेरा देत आवळा. पंख्याची वायर जोडायची राहिली नाही ना, तेही बघा. ही चूक फार होते.

प्रश्न : मेलेलं कार्ड ओव्हनमध्ये ठेवून जिवंत करता येतं का?

उत्तर : करू नका. शिशाविरहित सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळतं. घरच्या ओव्हनमध्ये ते नीट वितळत नाही आणि कपॅसिटर फुगतात, प्लास्टिक विरघळतं, विषारी वाफा अन्नाच्या भांड्यात बसतात. कार्ड कधी काही दिवस चालतं, कारण उष्णतेने चिपच्या आतले सूक्ष्म तडे तात्पुरते जुळतात. ते पुन्हा उघडतात. आणि तोवर वॉरंटीची उरलीसुरली आशाही गेलेली असते.

प्रश्न : लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स आहेत. स्वतंत्र कार्ड काढून बघता येत नाही. मग निदान कसं करायचं?

उत्तर : डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्वतंत्र कार्ड डिसेबल करा आणि दोन-तीन दिवस प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर काम करा. त्या काळात एकदाही बंद पडला नाही तर दोष स्वतंत्र कार्डाच्या बाजूला आहे. मात्र गेम न खेळता 'आता बरा चालतो' असा निष्कर्ष काढू नका. ताण नसेल तर बिघडलेलं कार्डही निमूट असतं. म्हणून कार्ड पुन्हा चालू करून ओसीसीटी या चाचणी-साधनातली व्हीरॅमची (कार्डाच्या मेमरीची) चाचणी करा. तिच्यातही बंद पडला तर निदान पक्कं. डिव्हाइस मॅनेजरच्या यादीत कार्डापुढे पिवळं चिन्ह आणि 'कोड ४३' असेल, तर ड्रायव्हर एकदा स्वच्छ बसवून पाहा. तरीही तो राहिला तर हार्डवेअरच समजा. लिनक्स वापरत असाल तर कर्नलच्या नोंदींत 'एक्सआयडी ७९' शोधा. एनव्हिडियाचं कार्ड बसवरून निसटल्याची ती खूण आहे.

प्रश्न : सगळं करून पाहिलं, कार्डच दोषी निघालं. वॉरंटीत पाठवताना काय काळजी घ्यावी?

उत्तर : सेवा केंद्रात बऱ्याचदा कार्ड थोडा वेळ चालवून 'दोष आढळला नाही' म्हणून परत पाठवलं जातं. म्हणून दोष कसा उभा करायचा ते लिहून द्या. 'कधीकधी बंद पडतं' असं मोघम नको. 'फरमार्क १९२० बाय १०८० वर सुरू केल्यावर १२ ते १५ मिनिटांत चित्र जातं, तापमान तेव्हा ७८ अंश असतं, दुसऱ्या संगणकातही तेच घडतं' असं लिहा (फरमार्क हे कार्डावर ताण देणारं चाचणी-साधन). पडद्याचा व्हिडिओ, लॉग फाइल आणि निळ्या पडद्याचा फोटो जोडा. कार्डाचं बायोस बदललं असेल तर मूळचं परत चढवा. सीरियल क्रमांकाच्या स्टिकरचा, कनेक्टरचा आणि सोनेरी पट्ट्यांचा फोटो आधीच काढून ठेवा, म्हणजे वाटेत काही तुटलं तर पुरावा राहील. कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घाला, मग बबल रॅपचे दोन वेढे. नुसतं बबल रॅप थेट कार्डावर गुंडाळू नका, त्याने स्थिर वीज तयार होते. पोर्टवरच्या टोप्या असतील तर लावा. सोबत आलेल्या केबल आणि आधाराचे ब्रॅकेट घरीच ठेवा, ते परत येतीलच असं नाही.